वडिलांचं दुखणं काढतोय, आणि 'फक्त बघत राहा' हे जमत नाहीये

खिडकीपाशी

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

वडिलांना पॅरालिसिसचा झटका येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं परत आलं, त्यांना समजतं सगळं पण हवा तो शब्द वेळेवर सापडत नाही आणि मग चिडतात. घरात आम्ही दोघंच. दिवसा मदतीला एक बाई येतात, संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत मी. नोकरी घरून करतो म्हणून लोकांना वाटतं मी मोकळाच आहे.

चार-पाच महिन्यांपूर्वी मित्राने फोनमध्ये माइंडफुलनेसचं एक ॲप टाकून दिलं, सकाळी दहा मिनिटं ध्यानाला बसायला लागलो, मनात येईल ते फक्त बघायचं, आणि त्यातूनच मग बुद्धाचं मुळात काय म्हणणं होतं ते वाचायची ओढ लागली. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, थांबवायचा मार्ग आहे. वाचून खरं सांगतो रडू आलं होतं, कारण कोणीतरी सरळ म्हणतंय की दुःख आहे, नाहीतर आजूबाजूला सगळे पॉझिटिव्ह राहा पॉझिटिव्ह राहा म्हणणारे.

पण तीन आठवड्यांपूर्वी एक गोष्ट झाली. रात्री पावणेतीनला बाबांनी हाक मारली, त्या रात्रीची तिसरी. चादर ओली झाली होती, त्यांना कुशीवर वळवून बदलत होतो तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट. सोडेनात. काहीतरी सांगायचा प्रयत्न चालला होता, एकच अर्धा शब्द परत परत, आणि मी तो हात झटकला. झटकला म्हणजे असा की तो पलंगाच्या दांडीवर आपटला. लागलं फारसं नाही, पण ते गप्प झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बाहेर येऊन अंधारात फरशीवर बसलो. 'राग आलाय, फक्त बघ' असं स्वतःला सांगत होतो, पण बघितल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता, आणि राग ओसरल्यावर जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं.

आणि एक गोष्ट कुणालाच बोललो नाहीये. ॲपमधला आवाज म्हणतो, हेही जाणार आहे, सगळं अनित्य आहे. माझ्या बाबतीत हे जाणार म्हणजे नक्की काय जाणार? बाबाच ना? म्हणजे मी रोज सकाळी डोळे मिटून बाबा जायची वाट बघत बसतो असं वाटायला लागलंय. त्या रात्रीपासून बसणंच बंद केलंय.

माझं कुठे चुकतंय ते सांगा. आणि बसायला वेळ, शांतता काहीच नसलेल्या माणसाने हे करायचं कसं?

---

सावकाश

तुमचं वाचून लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं, कारण घाईघाईने ज्ञान पाजळल्यासारखं होऊ नये. मी पंधरा-सोळा वर्षं बसतोय, त्यातून आणि वाचनातून जे हाताला लागलं तेवढंच सांगतो.

आधी शब्दाचं बघू. तुम्ही शीर्षकात 'दुखणं काढतोय' लिहिलंय ते फार नेमकं आहे. मराठीत आपल्याकडे दुखतं वेगळं, दुखणं वेगळं, दुखावणं वेगळं आणि दुःख वेगळं, सगळे एकाच मुळाचे. बुद्धाचे उपदेश ज्या पाली भाषेत आहेत तिच्यातल्या दुक्ख मध्ये हे सगळं एकत्र येतंच, वर आणखी भर म्हणजे चांगलं चाललेलं बदलतं तेही दुक्ख, आणि कुठलीच गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात येत नाही ही बारीक टोचणी असते तेही दुक्ख. म्हणून 'जीवन म्हणजे दुःख' असं जे भाषांतर फिरतं ते मला पटत नाही. सारनाथच्या पहिल्या उपदेशात यादी आहे ती किती साधी आहे बघा, जन्म, म्हातारपण, मरण, नकोशाशी गाठ पडणं, हव्याशाची ताटातूट, हवं ते न मिळणं. तुमच्या घरात यातलं बरंचसं एका खोलीत आलंय.

आता बाणाचं. संयुत्त निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहात सल्ल सुत्त आहे, सुत्त म्हणजे उपदेश, सल्ल म्हणजे शल्य, बाणाचं टोक. एका माणसाला बाण लागतो आणि लगेच दुसरा बाण लागतो. पहिला म्हणजे शरीराची वेदना, दुसरा म्हणजे त्यावर मनाने केलेला आकांत. शिकलेला शिष्य असेल त्याला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याच सुत्तात पुढे जे आहे ते कोणी सांगत नाही. वेदना झाली की अडाणी माणूस सुखाच्या मागे धावतो, का, तर वेदनेतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता त्याला माहीतच नसतो. रात्री दोन वाजता आपण फोन घेऊन स्क्रोल करत बसतो ना, ते हेच.

आणि पहिला बाण बुद्धालाही लागतच होता. म्हातारपणी पाठ दुखायची त्यांची. दीघ निकाय या अशाच दुसऱ्या संग्रहात एक प्रसंग आहे, भिक्खू जमलेत आणि बुद्ध सारिपुत्त या शिष्याला म्हणतात तू बोल, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो. मला हे वाक्य कुठल्याही मोठ्या तत्त्वज्ञानापेक्षा जवळचं वाटतं. दुखतंय, म्हणून आडवं व्हायचं, त्यात हार नाही की जीत नाही.

आता तुमची ती पावणेतीनची वेळ. ती एकसंध वाटते पण तिच्यात बरेच सांधे आहेत. हाक कानावर पडली, हा स्पर्श. ऐकताक्षणी नकोसं वाटलं, ही वेदना, म्हणजे पाली अर्थाने, बरं-वाईट वाटण्याची नुसती चव, अजून राग नाही. त्यानंतर मनात 'परत?' हा शब्द उठला असेल. मग 'मीच का', मग 'उद्या सकाळी मीटिंग आहे', मग 'हे किती वर्षं चालणार'. मनगट धरलं गेलं तोवर तुमच्या अंगात हे सगळं साठलं होतं आणि मनगट फक्त निमित्त झालं. तुम्ही बघायला सुरुवात केलीत ती फरशीवर बसल्यावर, म्हणजे घर जळून झाल्यावर. चूक नाही ही, सगळ्यांचं असंच होतं. सराव करायचा तो हाक ऐकू आली आणि 'परत?' उठला या दोघांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा डोक्यात शोधून सापडत नाही, अंगात सापडते. तुमचा जबडा आवळतो का? खांदे कानाकडे जातात का? पोटात गोळा येतो का? कुठेतरी नक्की येतं, ते शोधा, दिवसा शोधा, साध्या वैतागाच्या वेळी.

राग बघितला की वाढतो म्हणालात, त्यावर एकच विचारतो. रागाला बघत होतात की रागाची गोष्ट ऐकत होतात? गोष्ट ऐकली की ती वाढते. छातीत गरम वाटतंय, श्वास वर अडकलाय, हे बघितलं तर ते तसंच राहतं किंवा हलतं, पण त्याला नवीन सरपण मिळत नाही.

अनित्याचं जे लिहिलंत त्यावर नंतर लिहितो. ते एवढ्यात उरकण्यासारखं नाही.

---

रात्रपाळी

दादा, मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी न्यूरो वॉर्डात आणि बरीचशी रात्रीची. हात झटकला म्हणून स्वतःला इतकं कोसू नका. मी पण झटकलाय. ज्याने कधीच झटकला नाही असा माणूस मला वॉर्डात भेटलेला नाही. पण परत होऊ नये असं वाटतंय ते खरं आहे ना, तर त्यासाठी काय करता येतं ते सांगते.

मी कुठल्या शिबिराला वगैरे गेले नाही. आमच्या घरी बुद्धवंदना लहानपणापासून, पण सराव म्हणून जो काही आला तो कामातून आला. पेशंटच्या खोलीत शिरायच्या आधी दाराच्या चौकटीला एक हात लावते. लाकूड थंड लागतं. तेवढंच. तो स्पर्श कळला की आत जाते, नाही कळला तर म्हणजे मी अजून मागच्या पेशंटपाशीच आहे. मग पलंगाची दांडी, तिला हात लावते, आणि मग पेशंटला. तीन सेकंद लागत असतील. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग राहण्यावरच्या उपदेशात, नंतर वाचलं की पुढे जाताना, मागे येताना, हात वाकवताना, पसरताना, अगदी शौचाला-लघवीला जाताना सुद्धा जाणून करतो असं लिहिलंय, तेव्हा मला फार आनंद झाला होता, की अरे हे तर बसून करायचंच नाहीये फक्त, आपण जे करतो ते यात बसतं.

चादर बदलताना बोलत राहा. आता तुम्हाला कुशीवर घेतोय बाबा, आता पाठीमागून चादर काढतोय. ते त्यांच्यासाठी तर आहेच, पण तोंडाने म्हणत राहिलं की आपलं मनही हातापाशी राहतं, उद्याच्या मीटिंगला जात नाही.

आणि एक गोष्ट सांगते जी मला कोणीतरी खूप आधी सांगायला हवी होती. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, महावग्ग या भागात आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी बघत नव्हतं. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद फिरत फिरत तिथे आले. बुद्धाने विचारलं तुझी काळजी घ्यायला कोणी का नाही, तर तो म्हणाला मी कुणाच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. मग बुद्धाने पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, एकाने डोक्याकडून एकाने पायाकडून उचलून त्याला पलंगावर ठेवलं. आणि मग सगळ्यांना बोलावून सांगितलं की तुम्हाला इथे आई नाही बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

हे ऐकून सगळे हात जोडतात. पण त्याच्या लगेच पुढे काय आहे माहितीये? कोणत्या आजाऱ्याची सेवा करणं अवघड असतं त्याची पाच लक्षणं दिलीत. जो हिताचं ते करत नाही, ज्याला प्रमाण कळत नाही, जो औषध घेत नाही, जो काय होतंय ते खरं सांगत नाही, ज्याला वेदना सोसवत नाहीत. म्हणजे आजाऱ्याचं करणं अवघड असतं हे तिथे मान्यच केलंय. तुम्हाला जड जातंय ते तुम्ही वाईट मुलगा आहात म्हणून नाही.

एक विचारते. तो अर्धा शब्द काय होता? बाबा काय सांगत होते ते नंतर कळलं का?

---

निळा_डोंगर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

वर सगळे तुमच्या मनाबद्दल बोलतायत. मला प्रश्न पडलाय की संध्याकाळी सहा ते सकाळ, आठवड्याचे सातही दिवस, एकच माणूस, हे ठरवलं कोणी? तुम्हाला बहीण-भाऊ आहेत का? असतील तर ते कुठे आहेत? चौदा महिने झोप न झालेल्या माणसाला राग येणं हा मनाचा दोष नाही, तो हिशोब आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांवरच, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या दुःख, कारण, थांबणं, मार्ग या चौघांवरच, प्रश्न उभा केलाय. पुस्तक १९५७ साली आलं, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यांचं म्हणणं असं की जन्म दुःख, जीवन दुःख, मरण दुःख असंच असेल तर माणसाला आशा उरत नाही, मग ही सत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणीतली आहेत की नंतर भिक्खूंनी घातलेली? यावर वाद आहेत, असू देत. मला त्यातून एवढं घेता येतं की दुःख दिसलं की त्याचं कारण शोधायचं, आणि कारण माणसा-माणसातल्या व्यवहारात असेल तर तो व्यवहार बदलायचा. तिथे डोळे मिटून श्वास बघत बसणं म्हणजे दुखण्यावर गोळी घेऊन परत त्याच कामाला जुंपून घेणं. कितीतरी ऑफिसांत सध्या माइंडफुलनेसचा असाच वापर चाललाय, काम कमी करायचं नाही, माणसाला श्वास मोजायला शिकवायचं. मला याची खरंच चीड येते.

सराव करू नका असं म्हणत नाहीये. मी पण बसतो. पण सरावाने माणूस नीट बघायला शिकला तर त्याला अन्याय पण नीट दिसला पाहिजे, फक्त स्वतःचा श्वास नाही.

---

खिडकीपाशी

तिघांनीही एवढं मनापासून लिहिलंत, कालपासून चार वेळा वाचलं.

निळा_डोंगर, राग नाही आला, पण पोटात काहीतरी हललं. मोठी बहीण आहे, दुसऱ्या शहरात. फोन रोज करते. मीच तिला काही सांगत नाही, सगळं ठीक आहे म्हणतो, आणि मग फोन ठेवल्यावर तिच्यावरच मनातल्या मनात चिडतो. हे आत्ता लिहिताना दिसलं.

रात्रपाळी ताई, तो शब्द 'टा… टा…' असा काहीतरी होता. मला वाटलं काहीतरी टाक म्हणतायत. नंतर विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची लाज वाटली.

सावकाश, जबडा. माझा जबडा आवळतो, डावीकडे जास्त, काल दिवसा ऑफिसच्या एका कॉलवर लक्षात आलं. अनित्याचं जे विचारलं होतं त्यावर लिहा प्लीज.

---

सावकाश

लिहितो. हे जपून वाचा आणि पटलं नाही तर सोडून द्या.

तृष्णेचे तीन प्रकार सांगितलेत. हवंय हवंय ती कामतृष्णा, असं व्हावं, राहावं ती भवतृष्णा, आणि तिसरी विभवतृष्णा, हे नसावं, संपावं, पुसून जावं. तिसरीकडे आपलं लक्षच जात नाही कारण ती तृष्णेसारखी दिसत नाही, ती शहाणपणासारखी दिसते. 'सगळं अनित्य आहे, हेही जाईल' हे वाक्य आपण जेव्हा दात आवळून म्हणतो तेव्हा ते अनित्याचं दर्शन नसतं, ती विभवतृष्णा अनित्याची शाल पांघरून आलेली असते. ॲपचा दोष नाही, तुमचाही नाही, थकलेलं मन हाताला येईल ते वाक्य पळून जायला वापरतं.

अनित्य बघायचं ते पुढच्या वर्षाचं नसतंच. आत्ता जबडा आवळला, आत्ता थोडा सैल झाला. हाक आली तेव्हा जे नकोसं वाटलं ते तुम्ही उठून उभे राहीपर्यंत तसंच होतं का बदललं? बाबांची पकड घट्ट होती ती सगळा वेळ सारखी होती का? एवढ्या बारीक पातळीवर बघितलं की अनित्य म्हणजे कोणाचं तरी मरण असं राहत नाही, ते क्षणाक्षणाला हलतंय असं दिसतं, आणि त्यात बाबा काही शत्रू म्हणून उरत नाहीत.

आणि हे कधी संपणार हा विचार, तो येणारच. आजाऱ्याचं करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो, लोक बोलत नाहीत एवढंच. बुद्धाने चेतनेला कर्म म्हटलंय, म्हणजे ठरवून केलेल्या इराद्याला. मनातून सरकून गेलेला विचार म्हणजे इरादा नाही. सतिपट्ठान सुत्तात मन बघण्याचा जो भाग आहे तिथे वाक्य काय आहे, तर द्वेष असलेलं मन असेल तर द्वेष असलेलं मन आहे हे जाणतो. तिथे पुढे 'आणि स्वतःला शिक्षा करतो' असं काही नाहीये. जाणतो, बस.

रात्री परत झोपताना विचार थांबत नसतील तर मज्झिम निकायातल्या वितक्कसण्ठान सुत्तातली एक उपमा मला फार कामाला येते. माणूस धावतोय, त्याला वाटतं मी का धावतोय, चालू की. चालतोय, मग उभा राहू की. उभा आहे, बसू की. बसलाय, आडवा होऊ की. विचाराला एकदम थांबवायला जाऊ नका, एकेक पायरी खाली आणा. त्याच सुत्तात शेवटचा उपाय म्हणून दात दातावर दाबून मनाला मनाने चिरडायचंही सांगितलंय, पण ते पाचवं आहे, आधीचे चार करून झाल्यावर. आपण सगळे पाचव्यापासून सुरुवात करतो.

निळा_डोंगर यांचं मला पटतं, आणि त्याला जोडूनच एक सांगतो. डोंबाऱ्याची गोष्ट आहे, सेदक सुत्तात. गुरू बांबू उभा करून शिष्याला म्हणतो चढ माझ्या खांद्यावर, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल. शिष्य म्हणतो नाही गुरुजी, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, तरच दोघं सुखरूप खाली येऊ. बुद्ध म्हणतात शिष्याचं बरोबर आहे, आणि पुढे हेही म्हणतात की स्वतःला सांभाळताना दुसऱ्याला सांभाळलं जातं आणि दुसऱ्याला सांभाळताना स्वतःलाही, क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने. तुमची झोप हा त्या बांबूच्या खेळातला भाग आहे. बहिणीला खरं सांगणं हाही.

---

कोवळंऊन

एवढं मोठं नाही लिहिता येत मला पण एक अनुभव. मी डोळे मिटून बसले की मला फार घाबरं व्हायचं, जुन्या गोष्टी अंगावर यायच्या, आणि शिकवणारे म्हणायचे बसत राहा, जाईल. गेलं नाही, वाढलं. शेवटी डॉक्टरांकडे गेले, औषध आणि समुपदेशन दोन्ही चालू झालं, आणि सरावात बसणं सोडून चालणं धरलं. डोळे उघडे, पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं. बस. चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं, चारही सारखेच आहेत असं वाचलंय, मग बसण्याचाच एवढा हट्ट कशाला. झोप लागतच नाहीये किंवा कशातच जीव रमत नाहीये असं रोज व्हायला लागलं तर दादा नुसत्या सरावावर राहू नका, डॉक्टरांशी बोला.

---

खिडकीपाशी

बारा दिवसांनी लिहितोय.

बसणं अजून चालू केलं नाहीये. चौकटीला हात लावायला लागलो, ताई, तुमचं बघून. आमच्या दाराची चौकट लोखंडी आहे, तिला एका जागी रंगाचा पोपडा निघालाय, तो बोटाला लागतो. पहिले चार-पाच दिवस आत गेल्यावर आठवायचं की अरे राहिलं. मग बाहेर येताना लावायचो. आता जाताना आठवतं, प्रत्येक वेळी नाही पण आठवतं.

परवा रात्री परत तसंच झालं. दीड वाजता हाक, कुशीवर वळवलं, आणि त्यांनी मनगट धरलं. जबडा आवळला तो कळला. खरं सांगतो, राग आला होताच, तो काही गेला नाही, पण जबडा कळला म्हणून की काय, हात झटकायच्या आधी थोडी जागा मिळाली. हात तसाच राहू दिला. त्यांची बोटं गरम होती आणि थरथरत होती, हे मला मागच्या वेळी अजिबात जाणवलं नव्हतं. परत तेच सुरू केलं त्यांनी, 'टा… टा…', आणि मी कानाजवळ वाकलो, म्हणलं बाबा सावकाश, मी इथेच आहे. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले 'टाच'.

डाव्या पायाची टाच. चांगल्या पायाने पलंगावर रेटा देऊन देऊन वर सरकायचा प्रयत्न करतात ते, त्याने टाचेला घासून रुपयाएवढी जागा लाल झालीये. मोजा घालून असतात रात्री, म्हणून आम्हाला दोघांनाही दिसलं नाही, बाईंना नाही आणि मला नाही. त्या पहिल्या रात्री ते हेच सांगत होते की नाही ते आता कळायला मार्ग नाही. पण मी पलंगाशेजारी बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ तसाच बसलो होतो. त्यांना म्हणलं त्या दिवशी हात झटकला, चुकलं माझं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशीच, जरा जोरातच.

बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. भांडण झालं. ती म्हणाली तू आजवर बोलला का नाहीस, मी म्हणलं तुला दिसत नव्हतं का. दोघंही रडलो. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला आठ दिवस ती येणार आहे असं ठरलंय, बघू. काल रात्री मी परत चिडलो होतो, हात झटकला नाही पण आवाज चढला. चौकट विसरलो होतो.

ताई, टाचेचं काय करू?

---

रात्रपाळी

दादा, लाल जागेवर बोटाने हलकं दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल होत असेल तर अजून वेळेत आहात. दाबूनही लालच राहत असेल, किंवा फोड, जखम दिसत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा, उद्यावर ढकलू नका. साखरेचा आजार असेल तर दोन्हीपैकी काहीही असलं तरी दाखवाच.

त्या जागेवर मालिश करायचं नाही, तेल चोळायचं नाही, लोक हेच करतात आणि कातडी आणखी खराब होते. पोटरीच्या खाली लांबीला उशी द्या, अशी की टाच हवेत राहिली पाहिजे, चादरीला टेकता कामा नये, आणि गुडघा जरासा वाकलेला राहू द्या. वर सरकायचं असेल तेव्हा त्यांना रेटा देऊ देऊ नका, मदतीला माणूस असताना खाली चादर घडी करून घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवा, ओढू नका. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची ते तर करतच असाल. मोजे रोज रात्री काढून दोन्ही टाचा, कंबरेच्या खालचं हाड आणि उजवा घोटा, एवढं दिव्याच्या उजेडात बघायचं, सवयच लावून घ्या.

बघून झालं की काय दिसलं ते इथे लिहा, मी आज रात्री ड्युटीवर आहे पण मध्ये मध्ये बघेन.